गादीखालची वही

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा लेखरूप मजकूर)



आज आपण मुलांच्या रोजनिशीबद्दल बोलणार आहोत. कुणी तिला डायरी म्हणतं, कुणी दैनंदिनी म्हणतं. विषय ऐकून काही जणी म्हणतील, "बाई, इथे शाळेचा अभ्यास पुरा होता होत नाही, त्यात हे लिहिण्याचं आणखी एक काम कुठे मागे लावता?" तर जरा थांबा. आधी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून या.

काय काय दिसतं त्याच्यावर? दुधाचा खाडा असलेल्या तारखेला फुली. गॅसची टाकी लावली तो दिवस. बचत गटाचा हप्ता. गाय कधी लावली. पोरीच्या पाळीची तारीख, कुणाला कळू नये म्हणून नुसता एक ठिपका. एखाद्या चौकोनात फक्त "आई" एवढंच लिहिलेलं, कारण त्या दिवशी आपली आई गेली. ही आपलीच रोजनिशी आहे. आपण तिला त्या नावाने हाक मारत नाही इतकंच.

आणि लिहिता येत नव्हतं तेव्हाही बायकांनी मन मोकळं करायची जागा शोधलीच होती. पहाटे जात्यावर बसायचं आणि सासर, माहेर, भाऊ, पाऊस, सगळं ओवीत घालायचं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. म्हणजे बघा, किती बायकांनी किती बोलून ठेवलं होतं! घरात कुणी विचारत नव्हतं, तर जात्याला सांगितलं.

आता जातं गेलं. आपल्या मुलांना काय आहे? शाळा, शिकवणी, मोबाईल. दिवसभरात त्यांना चार ठिकाणी उत्तरं द्यावी लागतात. पण "आज तुला काय वाटलं?" हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, आणि आपण विचारला तरी उत्तर येतं, "काही नाही." तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचं "काही नाही" ज्या घरात ऐकू येत नाही असं घर मला तरी माहीत नाही. त्या "काही नाही"च्या आत जे असतं, त्याला एक जागा लागते. साधी शंभर पानी वही ती जागा होऊ शकते.

लिहिल्याने होतं काय?

अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या एका विद्यार्थिनीने १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या काही मुलांना सांगितलं, सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं बसा आणि आयुष्यातल्या सगळ्यांत त्रास झालेल्या गोष्टीबद्दल लिहा. शुद्धलेखन बघू नका, व्याकरण बघू नका. दुसऱ्या गटाला सांगितलं, खोलीचं वर्णन लिहा, पायातल्या बुटाचं वर्णन लिहा, असंच काही साधं. पुढच्या काही महिन्यांत असं दिसलं की ज्यांनी घडलेली गोष्ट आणि तिच्याबद्दल वाटलेलं, दोन्ही लिहिलं होतं, त्यांना कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं.

त्यातली एक गोष्ट आपण आयांनी नीट ध्यानात ठेवावी. लिहून झाल्या झाल्या त्या मुलांना बरं वाटलं नव्हतं. उलट ती जास्त उदास झाली होती. फायदा दिसला तो नंतर. त्यामुळे मुलगी लिहून उठली आणि डोळे लाल दिसले, तर लगेच वही बंद करायला सांगू नका. काटा काढतानाही दुखतंच.

असं का होत असेल? घाबरलेलं मन एकच गोष्ट घाण्याच्या बैलासारखी फिरवत राहतं. ती कागदावर मांडायची म्हटली की तिला सुरुवात द्यावी लागते, मध्य द्यावा लागतो, शेवट द्यावा लागतो. "मला कसंतरी होतंय" या वाक्याच्या जागी "मैत्रिणींनी मला डब्याला बोलावलं नाही म्हणून मला अपमान वाटला" असं लिहावं लागतं. भीती, राग, लाज, हेवा, यांना नावं मिळाली की त्यांचा जोर थोडा ओसरतो. दुखतंय कुठे ते सांगता आलं की डॉक्टरलाही तपासता येतं, तसंच हे आहे.

परीक्षेच्या बाबतीत तर याचा थेट उपयोग आहे. शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०११ साली दाखवलं की परीक्षेला खूप घाबरणाऱ्या मुलांनी पेपरच्या आधी दहा मिनिटं आपली भीती कागदावर लिहून काढली, तर त्यांचा पेपर जास्त चांगला गेला. नववीच्या मुलांवरही त्यांनी हे करून पाहिलं. डोक्यातली जी जागा काळजीने अडवलेली असते ती मोकळी होते, असं त्यांचं म्हणणं. दहावीच्या मुलाला सकाळी दही-साखर हातावर द्याच, पण त्याच्या आधी दहा मिनिटं एक कोरा कागदही द्या. लिहून झालं की फाडून टाकू दे. कुणी वाचायची गरज नाही.

आणि रेडिओवर बोलते आहे म्हणून रेडिओचीच एक गोष्ट सांगते.

अ‍ॅन फ्रँक हे नाव तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. तिची डायरी मराठीतही मिळते. १२ जून १९४२ ला तिला तेरावं वर्ष लागून पुरं झालं आणि वाढदिवसाची भेट म्हणून एक चौकटींच्या कापडाची वही मिळाली. पुढच्याच महिन्यात नाझींच्या भीतीने हे ज्यू कुटुंब अ‍ॅमस्टरडॅममध्ये वडिलांच्या कचेरीच्या मागच्या भागात लपलं. दोन वर्षांहून जास्त काळ ते तिथे कोंडून राहिले, नंतर आलेले धरून एकूण आठ माणसं. अ‍ॅनने वहीला "किटी" असं नाव दिलं आणि मैत्रिणीला पत्र लिहावं तसं ती लिहीत गेली. आईशी भांडण, बटाट्याचं जेवण, वरच्या खोलीतला मुलगा, विमानांचे आवाज, सगळं.

मार्च १९४४ मध्ये लंडनहून रेडिओवर एका डच मंत्र्यांचं भाषण झालं. युद्ध संपल्यावर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा करायची आहेत, ती जपून ठेवा, असं ते म्हणाले. लपलेल्या घरात अ‍ॅनने ते ऐकलं, आणि आपली डायरी ती पुस्तकासाठी पुन्हा नीट लिहू लागली. ऑगस्टमध्ये सगळ्यांना पकडलं. अ‍ॅन छळछावणीत गेली. आठांपैकी एकटे वडील परत आले. मदत करणाऱ्या बाईंनी कागद सांभाळून ठेवले होते, ते त्यांनी वडिलांच्या हाती दिले. आणि वाचून ते म्हणाले, माझ्या मुलीच्या मनात इतकं खोल काही चाललंय याची मला कल्पनाच नव्हती.

दोन वर्षं चोवीस तास एका छपराखाली होते हो ते बापलेक! तरी माहीत नव्हतं. मग आपण, जे सकाळी डबा भरून देतो ते संध्याकाळी भेटतो, आपल्याला मुलांच्या मनातलं सगळं कळतं असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

सुरुवात कशी करायची?

पहिली गोष्ट म्हणजे सक्ती नको. "उद्यापासून रोज एक पान लिहायचं" म्हटलं की झाला गृहपाठ. वही आणून हाताशी ठेवा. नवी विकत आणायलाच हवी असंही नाही. गेल्या वर्षीच्या वह्यांमागची कोरी पानं काढा, दाभण आणि जाड दोऱ्याने शिवा, वर जुन्या साडीचा काठ चिकटवा. स्वतः शिवलेल्या वहीवर मुलांचा जीव जास्त बसतो.

पहिली-दुसरीतल्या मुलांना चित्र काढू द्या. चित्राखाली एकच ओळ. "आज शेळीला पिल्लू झालं." ओळ लिहिता येत नसेल तर मूल सांगेल ती तुम्ही लिहा, त्याच्याच शब्दांत. तुमचं त्यात काही घालू नका.

तिसरी ते सातवीच्या मुलांना रोज काय लिहायचं सुचत नाही. मग "सकाळी उठलो, दात घासले, शाळेत गेलो" हेच येतं. त्यांना एखादा प्रश्न द्या. आज नवीन काय दिसलं? आज कशाचं हसू आलं? कुणाचा राग आला? आज जेवणात काय आवडलं? शाळेच्या वाटेवर कशाचा वास आला? कुणाला सॉरी म्हणायचं राहिलं? आठवड्याला तीन प्रश्न पुष्कळ झाले. तिकिटं, मोराचं पीस, वाळलेलं पान, मैत्रिणीची चिठ्ठी, असंही वहीत चिकटवू द्या.

आठवीच्या पुढच्या मुलांना प्रश्नही देऊ नका. त्यांना फक्त वेळ आणि कोपरा द्या. दिवेलागणीनंतर दहा मिनिटं, किंवा झोपायच्या आधी. घरात एकच खोली असेल तर माडीचा जिना असेल, ओटा असेल, परसात चौकीदारासारखं उभं असलेलं पेरूचं झाड असेल. त्या दहा मिनिटांत "अगं पाणी भर", "अरे दुकानातून साखर आण" अशी हाक मारायची नाही. ही शिस्त मुलांची कमी आणि आपली जास्त आहे.

पुष्कळदा मुलगे म्हणतात, "डायरी काय, मुली लिहितात." त्यांना मनातलं लिहा म्हणू नका. त्यांना नोंदी ठेवायला सांगा. पहिला पाऊस कधी पडला, विहिरीला पाणी किती हात होतं, आंब्याला मोहोर कधी आला, कोणत्या बैलाने वैरण सोडली, सामन्यात किती धावा केल्या. मुंबईत एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता, साधारण १९०६-०७ सालची गोष्ट. चिमण्यांच्या एका घरट्यावर त्याने पाळत ठेवली. छऱ्याच्या बंदुकीने नर मारला की मादी थोड्याच वेळात दुसऱ्या नराला घेऊन येते, असं त्याला दिसलं. सात दिवसांत त्याने आठ नर मारले आणि ते लिहून ठेवलं. ऐकून आज वाईट वाटतं खरं. पण तोच मुलगा पुढे पक्ष्यांचा अभ्यास करत सबंध देश फिरला आणि पक्षी वाचवायला झटला. त्याचं नाव सलीम अली. त्यांच्या आत्मचरित्रातही ती लहानपणची नोंद आहे. नोंदवहीतून सुरुवात झालेला मुलगा हळूहळू आपल्याबद्दलही लिहू लागतो. "आज विहीर आटली" याच्या पुढच्या ओळीत कधीतरी "बाबा जेवले नाहीत" हे येतंच.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी तर वहीचं मोल आणखी आहे. सहा महिने मुलं पाचटाच्या कोप्यात, शाळेपासून लांब. ट्रंकेत एक वही आणि दोन पेन ठेवा. आज कोणत्या गावाच्या फडात आहोत, किती गाड्या भरल्या, धाकट्याला ताप होता का, हे मूल लिहीत राहिलं तर हात मोडत नाही, अक्षर विसरत नाही. आणि परत आल्यावर गुरुजींना दाखवायला त्याच्याकडे सहा महिन्यांचं काहीतरी स्वतःचं असतं.

भाषा कोणती? घरात बोलता ती. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोकणी, पावरी, गोरमाटी, जी जिभेवर असेल ती. शाळेची मराठी शाळेच्या वहीत. मोबाईलवर लिहायचं म्हटलं तरी चालेल, पण मोबाईल घरात चौघांच्या हातात फिरतो, आणि लिहितालिहिता मूल व्हिडिओकडे कधी वळतं ते कळत नाही. म्हणून कागद बरा.

आणि लाल पेन लांब ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून आपण एकदा जरी गोल केला, तरी पुढचं पान त्या मुलाने परीक्षकासाठी लिहिलेलं असेल.

वही कुणाची?

आता अवघड भाग. इथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे.

माझी मुलगी आठवीत होती. दिवाळीच्या आधी गाद्या उन्हात टाकायला काढल्या, तर तिच्या गादीखाली एक वही सापडली. ती शाळेत गेली होती. मी ती वही जागेवर ठेवायला हवी होती. मी खाली बसले आणि वाचली. मनाला सांगितलं, आईच आहे मी, माझा हक्क आहे, काळजी वाटते म्हणून बघते. सात-आठ पानं वाचली. त्यात भयंकर असं काहीही नव्हतं. एका मैत्रिणीचा राग होता, चेहऱ्यावरच्या फोडांचं दुःख होतं, आणि एके ठिकाणी माझ्याबद्दल लिहिलं होतं की, आई सगळ्यांसमोर माझ्या मार्कांबद्दल बोलते तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटतं.

मी वही होती तशी ठेवली, असं मला वाटलं. पण वहीत तिने एक केस ठेवला होता, तो पडला. तीन दिवसांनी मी पुन्हा गादी उचलली, हो, पुन्हा उचलली, तर शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात एकच ओळ होती. "आई, वाचून झालं का?"

त्यानंतर तिने वर्षभर काही लिहिलं नाही. आणि ती मला काही सांगेनाशीही झाली. वाचून मला जे कळलं होतं ते चार ओळींचं होतं, आणि त्यासाठी मी जे घालवलं ते परत यायला फार दिवस लागले. मी तिची माफी मागितली. तेव्हा ती नुसती "बरं" म्हणाली. मी चारचौघांत तिच्या मार्कांबद्दल बोलणं बंद केलं. खरी माफी ती होती, आणि ती तिच्या ध्यानात आली असावी. दहावीच्या सुट्टीत तिच्या टेबलावर पुन्हा एक वही दिसली. गादीखाली नव्हती, टेबलावर, उघड्यावर होती. मी तिच्यावरची धूळ पुसते आणि होती तिथे ठेवते.

बायकांना तर हे कुणी शिकवायला नको. लिहिलेलं लपवायचं दुःख आपल्या आधीच्यांनी भोगलंय. फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या छोट्या दुकानात बसून पुड्या बांधायच्या जुन्या कागदांवरचं वाचत, आणि गुपचूप आपल्या समाजाबद्दल, आपल्या आयुष्याबद्दल लिहीत. घरच्यांच्या भीतीने त्यांनी ते लिखाण वीसेक वर्षं लपवून ठेवलं. पुढे ते "स्त्री" मासिकात आलं आणि १९८६ साली "जिणं आमुचं" हे पुस्तक झालं. ते कागद कुणाच्या हाती लागून चुलीत गेले असते तर आपलं किती नुकसान झालं असतं!

मग मुलांचं लिहिलेलं कधीच वाचायचं नाही का? मूल होऊन देईल तेव्हा जरूर वाचा. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी कैदेत होते. १९४३ मध्ये कस्तुरबांच्या सेवेसाठी मनू गांधी तिथे आली, पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. गांधीजींनी तिला रोज रोजनिशी लिहायला लावली. ते ती वाचत, सुधारणा सांगत आणि "बापू" अशी सही करत. पण तिथे सगळा व्यवहार उघड होता. आपण लिहितो ते बापू वाचणार, हे मनूला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिला लिहायला शिकवणारी ती वही होती. मन रिकामं करायची वही वेगळी असते. एकीचं काम दुसरीकडून करून घेऊ नये.

म्हणून घरात दोन प्रकार ठेवता येतात. एक उघडी वही, जी कुणीही वाचावी. सहलीचं वर्णन, पावसाच्या नोंदी, चित्रं. दुसरी मिटलेली वही, जिला मालकाशिवाय कुणी हात लावायचा नाही. धाकट्या भावाने नाही, आजीने नाही, बाबांनी नाही, आणि आपणही नाही. एकच वही असेल तर दुमडलेलं पान वाचायचं नाही एवढा नियम करा. लहान मुलांनाही तो पटकन कळतो, आणि आपण पाळतो की नाही हेही पटकन कळतं.

तिसराही एक प्रकार आहे, उत्तराची वही. तोंडावर बोलता येत नाही ते मूल त्यात लिहून आईच्या उशाशी ठेवतं, आई खाली उत्तर लिहून परत ठेवते. वयात येणाऱ्या मुलींचे प्रश्न, मुलग्यांचेही, या वाटेने सोपे होतात. उत्तर लिहिताना उपदेश आवरायचा. चार ओळी पुष्कळ.

काळजी केव्हा करायची?

वही औषध आहे, पण प्रत्येक दुखण्यावर चालणारं नाही. मूल रोज तेच दुःख तसंच्या तसं लिहीत असेल, लिहून झाल्यावर दिवसेंदिवस जास्तच खचत असेल, तर काही दिवस लिहिणं बाजूला ठेवून कुणाशी तरी बोलायला हवं. जेवण तुटलं, झोप तुटली, शाळेत जायला घाबरतं, एखादा माणूस घरी आला की दडून बसतं, हातावर जखमा दिसतात, "मी नसले तरी काय" अशी भाषा येते, तर हे सगळं वही न उघडताही दिसतं. आपण बघायला हवं. तेव्हा शेजारी बसायचं आणि सरळ विचारायचं, "तुला कुणी त्रास देतंय का? जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात तसला विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्याला हायसं वाटतं.

आणि तरीही मूल काहीच बोलत नाही, पण जिवाला धोका आहे अशी तुमची खात्री झाली, तर मात्र वहीपेक्षा जीव मोठा. वाचा, पण चोरून वाचू नका. त्याला सांगा, "मला फार भीती वाटतेय म्हणून मी हे वाचणार आहे, आणि तुझ्यावर ओरडणार नाही." जे कळेल त्याचा उपयोग मदत आणायला करा, शिक्षा करायला नको. नात्यात, गावात त्याची चर्चा तर मुळीच नको. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन दिवसरात्र फुकट चालतो. मनाच्या दुखण्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, तिचा नंबर १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. हे दोन नंबर आजच कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मुलांनाही त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहू द्या.

आणि ज्यांना लिहिता येत नाही त्या आयांचं काय?

मला वाटतं, त्यांच्या घरात तर ही गोष्ट आणखी गोड होऊ शकते. आठवड्यातून एकदा मुलीला जवळ बसवा आणि म्हणा, "मी सांगते, तू लिही." तुमचं लग्न कोणत्या गाडीतून झालं, दुष्काळात काय खाल्लं, शाळा का सुटली, तुमच्या आईचा हात कसा होता. मुलीला वाटेल ती तुमच्यासाठी लिहितेय. लिहितालिहिता ती विचारेल, "मग तुला रडू आलं का?" आणि तुम्ही सांगाल. मग एके दिवशी तीही तिचं सांगेल, नाहीतर स्वतःच्या वहीत लिहील. मुलं आपलं ऐकून कमी आणि आपल्याला बघून जास्त शिकतात. आई आपल्या दिवसाला किंमत देते हे दिसलं की मूलही आपल्या दिवसाला किंमत द्यायला शिकतं.

मध्येच लिहिणं सुटेल. पंधरा दिवस, दोन महिने वही उघडणार नाही. रागावू नका. "काय गं, बंद पडली का डायरी?" असं टोचूही नका. वही कुठे जात नाही. परीक्षा झाली, भांडण झालं, कुणी मनात भरलं, आजी गेली, की मूल आपणहून तिच्याकडे परत येतं.

तर या आठवड्यात एवढंच करून बघा. एक वही शिवा किंवा आणा. पहिल्या पानावर मुलाला आपलं नाव घालू द्या. खाली तुम्ही तुमच्या हाताने लिहा, लिहिता येत नसेल तर त्याच्याकडून लिहून घ्या आणि अंगठा उठवा: "ही वही मी विचारल्याशिवाय उघडणार नाही." आणि मग तो शब्द पाळा.

नमस्कार.